उलट्या फेऱ्याची किंमत

शिरूर आणि दौंड तालुक्यांच्या सीमेवर, भीमेच्या काठी वसलेले वडगाव रासाई हे उसाच्या पट्ट्यातील गाव. या परिसरात साखर कारखाने येण्यापूर्वी ऊस गुऱ्हाळात गाळला जाई. बैलांच्या चरकात एखादे कांडे अडकले, तर बैल थांबवून चरक दोन हात मागे फिरवायचा आणि कांडे ओढून काढायचे, एवढाच त्यावर उपाय असे. पुढे साखर कारखान्यांत वाफेची दट्ट्याची इंजिने आली. तीही एका दांड्याच्या हालचालीने उलटी फिरत. त्यानंतर वाफेवर चालणारे टर्बाइन आले. थोड्या जागेत त्याने मोठी शक्ती दिली. परंतु चरकाच्या बैलांना जे सहज साधत होते, ते या नव्या यंत्राला साधेना. गाळपाचे रोलर तुंबले की टर्बाइन मागे फिरत नाही. गाळप थांबवून अडकलेला ऊस उपसावा लागतो. पुढे अनेक कारखान्यांनी रोलर फिरविण्यासाठी विजेच्या मोटारी बसविल्या, त्यामागच्या कारणांपैकी मोटार उलटी फिरविता येते हेही एक होते.

पुढे जाण्याची शक्ती वाढली की मागे येण्याची शक्ती आपोआप वाढते, असा आपला एक भाबडा समज असतो. यंत्रविद्येत तो खरा नाही आणि अर्थव्यवहारातही नाही. हे ज्याच्या आयुष्यातून फार स्पष्टपणे शिकता येते, तो माणूस म्हणजे आधुनिक वाफेच्या टर्बाइनचे जनक सर चार्ल्स पार्सन्स. वेगाचा शिल्पकार म्हणून जग त्यांना ओळखते. परंतु त्यांच्या चरित्राचा मोठा भाग हा माघारीचा, चुका उलगडून पुन्हा आरंभ करण्याचा इतिहास आहे.

उमरावाचा मुलगा कारखान्यात

पार्सन्स यांचा जन्म १३ जून १८५४ रोजी लंडन येथे झाला. वडील रॉसचे तिसरे अर्ल विल्यम पार्सन्स हे ख्यातनाम खगोलशास्त्रज्ञ होते. आयर्लंडमधील बर येथील आपल्या गढीच्या आवारात त्यांनी ७२ इंच व्यासाच्या आरशाची दुर्बीण उभारली होती, आणि त्या काळी तेवढी मोठी दुर्बीण जगात दुसरी नव्हती. या घरातील मुले शाळेत गेली नाहीत. शिक्षक घरी येत आणि उरलेला वेळ मुले भट्टी, लेथ आणि हत्यारांच्या सहवासात घालवीत. घरच्या कार्यशाळेत वाफेवर चालणारी एक गाडीही तयार झाली होती. ३१ ऑगस्ट १८६९ रोजी या गाडीवरून एका वळणावर नात्यातील मेरी वॉर्ड ही विदुषी खाली फेकली गेली आणि चाकाखाली सापडून मरण पावली. सूक्ष्मदर्शकाच्या अभ्यासासाठी प्रसिद्ध असलेल्या या स्त्रीचा मृत्यू हा स्वयंचलित वाहनाचा जगातील पहिला ज्ञात बळी मानला जातो. चार्ल्स त्या वेळी पंधरा वर्षांचे होते. यंत्र चालते करणे आणि यंत्र आवरणे या दोन वेगळ्या विद्या आहेत, याचा इतका दारुण धडा कोवळ्या वयात फार थोड्यांना मिळतो.

डब्लिनचे ट्रिनिटी कॉलेज आणि केंब्रिजचे सेंट जॉन्स कॉलेज येथे त्यांनी गणिताचा अभ्यास केला. १८७७ मध्ये ते केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत अकरावे आले. उमरावाच्या मुलाला सरकारदरबारी किंवा विद्यापीठात सुखाची जागा मिळाली असती. त्याऐवजी त्यांनी न्यूकॅसलजवळील एल्झविक येथे आर्मस्ट्राँग यांच्या कारखान्यात उमेदवारी पत्करली. काही काळ लीड्स येथे काम करून १८८४ मध्ये ते गेट्सहेडच्या क्लार्क, चॅपमन या संस्थेत कनिष्ठ भागीदार झाले आणि त्याच वर्षी त्यांनी आपल्या टर्बाइनचे पेटंट घेतले.

त्यांच्या कल्पनेचे मर्म साधे होते. दाबाखालची वाफ एकदम मोकळी सोडली, तर ती अतिप्रचंड वेगाने धावते आणि तो वेग एका चाकाने पकडायचा तर ते चाक तितक्याच भयंकर गतीने फिरले पाहिजे. पार्सन्स यांनी वाफेचे प्रसरण अनेक लहान टप्प्यांत विभागले. स्थिर पात्यांची एक रांग, मग फिरत्या पात्यांची एक रांग, पुन्हा स्थिर, पुन्हा फिरती, अशा क्रमाने वाफ प्रत्येक टप्प्यावर थोडी थोडी शक्ती देत पुढे सरकते. तरीही पहिले यंत्र मिनिटाला १८,००० फेरे घेत होते आणि सुमारे साडेसात किलोवॉट वीज देत होते.

पहिली माघार

१८८९ मध्ये भागीदारांशी मतभेद झाले. पार्सन्स बाहेर पडले आणि न्यूकॅसलच्या हीटन भागात त्यांनी स्वतःचा कारखाना काढला. मात्र पेटंटचे हक्क जुन्या संस्थेकडेच राहिले. ज्या यंत्राचा शोध स्वतः लावला, तेच यंत्र बनविण्याची त्यांना मनाई झाली. हताश न होता त्यांनी वाटच बदलली. आसाला समांतर वाहणाऱ्या वाफेऐवजी मध्यातून परिघाकडे वाहणाऱ्या वाफेवर चालणारे टर्बाइन त्यांनी नव्याने रचले. मूळ रचनेपेक्षा ते कमी सोयीचे होते, पण कायद्याच्या कक्षेबाहेर होते. १८९४ मध्ये जुने हक्क परत मिळताच ते पुन्हा आपल्या मूळ रचनेकडे वळले.

त्याच वर्षी त्यांनी जहाजाचा विषय हाती घेतला. सुमारे १०० फूट लांब आणि अवघी ९ फूट रुंद अशी 'टर्बिनिया' नावाची नौका पाण्यात उतरविण्यात आली. टर्बाइन उत्तम चालत होते, पण नौका अपेक्षेप्रमाणे धावेना. दोष पाण्यातील पंख्यात होता. तो इतक्या वेगाने फिरे की पात्यांभोवती पाण्यात पोकळ्या निर्माण होत आणि पंखा पाण्याला रेटण्याऐवजी नुसताच फिरत राही. पार्सन्स यांनी लहान टाकी बांधून तीत या पोकळ्यांचे निरीक्षण केले, एका आसाऐवजी तीन आस केले, प्रत्येकावर तीन पंखे बसविले आणि टर्बाइनही तीन भागांत वाटले. २६ जून १८९७ रोजी व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या साठाव्या वर्षानिमित्त स्पिटहेड येथे आरमाराची पाहणी चालू असताना 'टर्बिनिया' युद्धनौकांच्या रांगांमधून सुसाट धावली. तिने ३४ नॉटहून अधिक वेग गाठून दाखविला होता आणि आरमाराची कोणतीही नौका तिला गाठू शकत नव्हती.

मागे कसे यावे?

या विजयाच्या क्षणीच खरा प्रश्न समोर होता. जहाज बंदरात शिरते, धक्क्याला लागते, समोर दुसरे जहाज आले तर थांबते. रस्त्यावरच्या गाडीसारखा ब्रेक त्याला नसतो. पंखा उलटा फिरविणे हाच त्याचा ब्रेक. दट्ट्याच्या इंजिनात ही गोष्ट सोपी होती. वाफ सिलिंडरमध्ये केव्हा शिरावी हे ठरविणारी झडप बदलली की तोच दट्ट्या, तोच दांडा आणि तेच चाक उलट दिशेने फिरू लागे. दौंड जंक्शनवर वाफेच्या इंजिनांचे शंटिंग ज्यांनी पाहिले असेल, त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. टर्बाइनची पाती मात्र एकाच दिशेचा विचार करून वळविलेली असतात. वाफ विशिष्ट कोनातून आली तरच ती त्यांना नीट ढकलते. वाफेचा प्रवाह उलटा केल्याने काम भागत नाही.

पार्सन्स यांनी काढलेला मार्ग असा की, पुढे नेणाऱ्या टर्बाइनला उलटे करण्याच्या भानगडीत न पडता, त्याच आसावर विरुद्ध वळणाच्या पात्यांचे दुसरे, लहान टर्बाइन बसवावे. 'टर्बिनिया'च्या मधल्या आसावर असे उलटे टर्बाइन होते. जहाज पुढे जात असताना त्याला वाफ मिळत नाही. ते आसाबरोबर रिकामेच, उलट दिशेने फिरत राहते. हे रिकामे फिरणे महाग पडू नये म्हणून ते वाफ थंड करणाऱ्या संघनकाच्या बाजूला, जवळजवळ निर्वात जागेत ठेवतात. तेथे त्याला हवेचा किंवा वाफेचा विरोध फारसा होत नाही. मागे यायचे असेल तेव्हा पुढची झडप बंद करून मागची उघडायची. मग आधी अवजड ओझे वाटणारे हे यंत्र जहाज सावरते.

या उपायाची किंमत होती. वजन वाढते, लांबी वाढते, पात्यांच्या रांगा वाढतात, थोडी शक्ती वाया जाते. शिवाय उलट्या टर्बाइनला फार थोडे टप्पे देता येतात, त्यामुळे ते वाफ जास्त खाते आणि शक्ती कमी देते. पुढच्या शक्तीच्या साधारण चाळीस टक्क्यांवरच पुष्कळदा समाधान मानावे लागते. जहाजाच्या उभ्या आयुष्यातील बहुतेक तास ते बेकार असते. निव्वळ हिशेबनिसाच्या दृष्टीने पाहिले तर ते काढून टाकण्याजोगे भांडवल होय. तथापि ज्याच्याविना बंदरात शिरता येत नाही, त्याला बेकार कोण म्हणेल? विम्याचा हप्ता भरूनही घराला आग लागली नाही, म्हणून कोणी तो हप्ता फुकट गेला असे म्हणत नाही.

हा हिशेब वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळा मांडला. १९०७ च्या 'मॉरिटेनिया' या प्रवासी जहाजाच्या चार आसांपैकी आतल्या दोन आसांवर स्वतंत्र उलटी टर्बाइने होती. १९१२ च्या 'टायटॅनिक'मध्ये बाजूचे दोन पंखे दट्ट्याच्या इंजिनांवर फिरत आणि मधला पंखा पार्सन्स पद्धतीच्या टर्बाइनवर. या मधल्या टर्बाइनला उलटे फिरण्याची सोयच ठेवलेली नव्हती. जहाज मागे घेताना मधला पंखा थांबूनच राही. त्या दुर्घटनेची कारणे अनेक आहेत आणि त्यांचा दोष एका यंत्रावर टाकणे न्यायाचे होणार नाही. परंतु मागे येण्याची व्यवस्था ही काटकसरीची पहिली बळी ठरते, एवढे या रचनेवरून दिसते.

यशाची दुसरी बाजू

पार्सन्स यांचा मार्ग निष्कंटक नव्हता. त्यांची टर्बाइने बसविलेल्या 'व्हायपर' आणि 'कोब्रा' या दोन विनाशिका १९०१ मध्ये थोड्या आठवड्यांच्या अंतराने नष्ट झाल्या. पहिली धुक्यात खडकावर आदळली. दुसरी १८ सप्टेंबरला समुद्रात दुभंगली आणि ६७ माणसे बुडाली. त्यांत पार्सन्स यांच्या कारखान्यातील माणसेही होती. दोष टर्बाइनचा नव्हता, पण विश्वास पुन्हा शून्यापासून कमवावा लागला. त्याच वर्षी क्लाइड नदीवर 'किंग एडवर्ड' हे टर्बाइनचे पहिले प्रवासी जहाज धावू लागले आणि १९०६ मध्ये 'ड्रेडनॉट' ही युद्धनौका टर्बाइनसह बांधली गेली. संथ मालवाहू जहाजांना वेगवान टर्बाइन परवडत नव्हते, म्हणून पार्सन्स यांनी मध्ये दंतचक्रे घालून पंख्याची गती कमी केली. 'व्हेस्पॅशियन' या जुन्या मालवाहू जहाजावर त्यांनी हा प्रयोग यशस्वी केला आणि कोळशाची मोठी बचत करून दाखविली.

मानसन्मान मिळाले. १८९८ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व, १९११ मध्ये सर ही पदवी, १९२७ मध्ये ऑर्डर ऑफ मेरिट. पण एकुलता एक मुलगा १९१८ मध्ये महायुद्धात मारला गेला. कृत्रिम हिरे बनविण्यावर त्यांनी वर्षानुवर्षे खर्च केला आणि ते प्रयोग अखेर फसले. ते फसले हे मान्य करण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. ११ फेब्रुवारी १९३१ रोजी वेस्ट इंडीजच्या सफरीवर असताना जमैकातील किंग्स्टन बंदरात 'डचेस ऑफ रिचमंड' या जहाजावर त्यांचे निधन झाले. ते जहाजही टर्बाइनवरच चालत होते.

त्यांचा वारसा महाराष्ट्राने डोळ्यांनी पाहिला आहे. १९६१ मध्ये नौदलात आलेली आणि १९९७ मध्ये निवृत्त झालेली 'विक्रांत' ही विमानवाहू नौका पार्सन्स टर्बाइनवर चालत असे; पुढे २०१२ पर्यंत ती मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. माझगाव गोदीत बांधलेली आणि १९७२ मध्ये नौदलात दाखल झालेली 'निलगिरी' हीदेखील वाफेच्या टर्बाइनचीच नौका.

आपल्या योजनांना मागची झडप आहे काय?

वडगाव रासाईवरून वाहणारी भीमा पुढे उजनीला अडते. तेथे १२ मेगावॉटचा एक संच आहे. तो पाणी खाली सोडताना वीज करतो आणि गरज पडल्यास उलटा फिरून तेच पाणी वर चढवितो. घाटघरलाही २५० मेगावॉटचे असेच केंद्र आहे. वर चढविताना जेवढी वीज लागते तेवढी खाली येताना मिळत नाही. तरीही हा व्यवहार समाज स्वीकारतो, कारण अडीअडचणीच्या वेळी परत फिरता येण्याला स्वतःचे मूल्य असते.

मग हाच विवेक भीमाकाठच्या शेतीला का लावला जात नाही? पाणी आले की ऊस आला, ऊस आला की कारखाना आला, कारखान्यासाठी कर्ज आले, गाळपक्षमता वाढली आणि वाढलेल्या क्षमतेसाठी आणखी ऊस हवा झाला. ही सर्व पाती एकाच दिशेने वळविलेली आहेत. पाऊस दगा देतो, जमीन खारावते, कारखान्याचा हंगाम बंद राहतो, तेव्हा शेतकऱ्याने मागे कसे यावे याची झडप कोणी बसविलेली नसते. दुसऱ्या पिकाचे बियाणे, त्याची बाजारपेठ, बंद कारखान्यातील कामगाराची थकलेली देणी, कर्जाची फेरमांडणी या गोष्टी संकट आल्यावर शोधल्या जातात. तोपर्यंत रोलर तुंबलेले असतात.

अर्थशास्त्रात वाढीचा दर मोजण्याची साधने पुष्कळ आहेत. माघारीची क्षमता मोजण्याचे साधन मात्र कोणत्याही अंदाजपत्रकात आढळत नाही. प्रत्येक योजनेच्या खर्चात परतीचा खर्च लिहावा, तो अनुत्पादक म्हणून कापू नये, आणि योजना चालू असतानाच त्याची तरतूद करावी, हा पार्सन्स यांच्या आयुष्याचा आपल्यासाठी अर्थ आहे. चौतीस नॉटने धावणारी नौका बांधणाऱ्या या माणसाने तिच्या मधल्या आसावर एक उलटे टर्बाइनही बसविले होते. ते फार क्वचित वापरले जाई. पण त्याच्यामुळेच ती नौका धक्क्याला सुखरूप लागत असे.