फादर थॉमस स्टीफन्स : लाभलेली सत्तर वर्षे



वाढदिवसाच्या दिवशी आपण एकमेकांना दीर्घायुष्य चिंतितो आणि घरातील ज्येष्ठांसाठी मिस्सा अर्पण करतो. त्यात वावगे काही नाही. जुन्या करारात आब्राहाम, मोशे अशा भक्तांचे दीर्घायुष्य हे परमेश्वराच्या आशीर्वादाचे चिन्ह मानले आहे. परंतु आपला प्रभू येशू साधारण तेहतिसाव्या वर्षी क्रुसावर मरण पावला. मग भरपूर वर्षे मिळणे हे श्रद्धेचे बक्षीस म्हणायचे काय? आणि ज्यांना ती मिळाली नाहीत, त्यांची श्रद्धा कमी पडली काय? ‘ख्रिस्तपुराण’कार फादर थॉमस स्टीफन्स यांचे चरित्र या प्रश्नाच्या उजेडात वाचण्यासारखे आहे.

फादर स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात एका व्यापाऱ्याच्या घरी झाला. त्या काळी इंग्लंडमध्ये कॅथलिकांचा छळ सुरू होता. थॉमस पाउंड हा त्यांचा जिवलग मित्र. दोघांनी मिळून रोमला जायचे आणि येशूसंघात प्रवेश करायचा असे ठरविले होते. परंतु निघण्यापूर्वीच पाउंड पकडला गेला. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले आणि १५७५ साली येशूसंघात दाखल झाले. तेथे त्यांनी तुरुंगातील मित्रासाठी वरिष्ठांकडे रदबदली केली. अखेर संघाच्या प्रमुखांनी पाउंड यांना पत्राद्वारेच संघात स्वीकारले. पुढे पाउंड यांच्या आयुष्याची सुमारे तीस वर्षे एका तुरुंगातून दुसऱ्या तुरुंगात गेली. ते सुटले तेव्हा म्हातारे झालेले होते आणि सत्तरी ओलांडल्यावर आपल्या जन्मघरीच त्यांनी देह ठेवला. दोघा मित्रांची पुन्हा गाठ पडली नाही.

एप्रिल १५७९ मध्ये फादर स्टीफन्स लिस्बनहून जहाजात बसले. हा प्रवास साडेसहा महिन्यांचा झाला. ताजे अन्न नाही, पाणी खराब. हिरड्या सुजत, पाय सुजत, अंगात त्राण राहत नसे. त्यांच्या जहाजावर दीडशेहून अधिक लोक आजारी पडले आणि सत्तावीस जण मरण पावले. हा सर्व वृत्तान्त त्यांनी गोव्याहून आपल्या वडिलांना पत्राने कळविला, म्हणून आपल्याला तो माहीत आहे. २४ ऑक्टोबर १५७९ रोजी ते गोव्याच्या किनाऱ्यावर उतरले तेव्हा त्यांचे वय तीस वर्षांचे होते. तेथून ते मायदेशी कधीच परतले नाहीत.

गोव्यात सासष्टी भागात त्यांची नेमणूक झाली. १५८३ साली तेथील येशूसंघीय धर्मगुरूंचे प्रमुख म्हणून फादर रुडॉल्फ आक्वाविवा आले. हे इटलीतील सरदार घराण्यातले, १५५० चा जन्म, म्हणजे स्टीफन्स यांच्याहून वर्षभराने लहान. बादशहा अकबराच्या फत्तेपूर सिक्रीच्या दरबारात तीन वर्षे राहून ते नुकतेच परतले होते. सासष्टीत त्या वेळी वातावरण तापलेले होते. पोर्तुगीज सत्तेने तेथील देवळे पाडली होती आणि लोकांच्या मनात संताप होता. जुलै महिन्यात कुंकळ्ळी गावी जमावाने फादर आक्वाविवा आणि येशूसंघातील त्यांच्या चार सोबत्यांना ठार केले. नंतर पोर्तुगीजांनी गावच्या म्होरक्यांना आसोळण्याच्या किल्ल्यात बोलावून त्यांचा जीव घेतला. हा इतिहास सांगताना यातील एक बाजू तेवढी सांगणे बरे नव्हे.

त्या पाच रक्तसाक्ष्यांचे देह परत मिळवून त्यांना ख्रिस्ती रीतीने मूठमाती देण्याचे काम फादर स्टीफन्स यांनी केले. आक्वाविवा बत्तीस वर्षांचे होते. आपल्याहून धाकट्या, आपल्याहून नावाजलेल्या, आपल्या वरिष्ठाला पुरून स्टीफन्स मागे राहिले. पुढे आणखी छत्तीस वर्षे राहिले.

या ठिकाणी जरा थांबावेसे वाटते. गृहभेटीला गेलो की घरातील वृद्ध माणसे एक गोष्ट हमखास विचारतात. तरणाताठा मुलगा गेला, सून गेली, आणि देवाने आम्हालाच का ठेवले? गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या यवतमाळ जिल्ह्याचे नाव कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशभर गेले. कर्ता गेल्यावर नातवंडांचे करणाऱ्या आज्या आपल्याकडे गावोगाव आहेत. त्यांना दीर्घायुष्य म्हणजे आशीर्वाद असे नुसते सांगितले तर ते त्यांच्या कानापर्यंतही जाणार नाही. ज्ञानग्रंथाच्या चौथ्या अध्यायात तर असे सांगितले आहे की म्हातारपणाचा मान वर्षांच्या मोजणीवर ठरत नाही. धार्मिक माणूस लवकर गेला तरी त्याचे आयुष्य पूर्ण झालेले असते. ॲरिस्टॉटलने काळाला गतीची मोजणी म्हटले आहे. स्तोत्रकर्ता मात्र ही मोजणी परमेश्वराकडूनच शिकायला मागतो. त्याच नव्वदाव्या स्तोत्रात माणसाचे आयुष्य सत्तर वर्षे धरले आहे, अंगात बळ असेल तर ऐंशी. स्टीफन्स यांना सुमारे सत्तर मिळाली. त्यांना मित्रासारखा तुरुंगवास भोगावा लागला नाही आणि आक्वाविवांसारखे रक्त सांडावे लागले नाही. त्यांच्या वाट्याला आली ती रोजची चाकरी.

ती चाकरी म्हणजे प्रवचने, प्रायश्चित्त संस्कार, मुलांना धर्मशिक्षण, आजाऱ्यांच्या भेटी. आणि त्या जोडीला भाषा. इंग्लंडचा हा माणूस कोकणी शिकला, मराठी शिकला, संतांच्या ओवीत रमला. पैठणचे संत एकनाथ त्यांचेच समकालीन. १५८३ साली भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपल्याकडील भाषांची घडण ग्रीक व लॅटिनशी जुळते असे नोंदविले होते. भाषापंडितांनी या गोष्टीचा अभ्यास सुरू केला तो दोनशे वर्षांनंतर. त्याच वर्षी गोव्यात कैद झालेल्या रॅल्फ फिच आदी इंग्रज व्यापाऱ्यांना जामिनावर सोडविण्यासही त्यांनी मदत केली. ते व्यापारी कॅथलिक नव्हते, हेही ध्यानात घ्यावे.

‘ख्रिस्तपुराण’ हे मात्र त्यांच्या म्हातारपणाचे अपत्य. धर्मशिक्षणाच्या वर्गात एका नवख्रिस्ती ब्राह्मणाने विनंती केली की जुनी पुराणे सुटली, आता त्या तोडीचे ख्रिस्ती पुराण आम्हाला वाचायला द्यावे. ही हकीगत खुद्द पुराणातच येते. त्यातून जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ उभा राहिला. पहिल्या पुराणात जुन्या कराराची कथा आहे, दुसऱ्यात प्रभू येशूचे चरित्र. १६१६ साली राचोल येथे तो छापला गेला तेव्हा फादर स्टीफन्स सदुसष्ट वर्षांचे होते. तिशीत आलेला माणूस एवढ्या वर्षांच्या मुरवणीशिवाय अशी मराठी लिहू शकला असता, असे मला वाटत नाही. गोव्याच्या चर्चमधून लोक हे पुराण सणावाराला आवडीने ऐकत असत. १६८४ साली पोर्तुगीज सरकारने लोकभाषेच्या वापरावर बंदी घातली, तरी हस्तलिखिते घरोघर टिकली आणि मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांबरोबर तिकडेही पोहोचली. १९०७ साली मंगळूरलाच त्याची नवी आवृत्ती निघाली.

तरीही त्यांची एक इच्छा अपुरी राहिली. हे पुराण देशी लिपीत छापावे असे त्यांच्या मनात होते. १६०८ साली त्यांनी रोमला संघप्रमुखांकडे तशा खिळ्यांविषयी लिहिले. हे संघप्रमुख म्हणजे क्लॉडिओ आक्वाविवा, कुंकळ्ळीला मारल्या गेलेल्या रुडॉल्फ यांचे सख्खे काका. खिळे काही झाले नाहीत. मराठी पुराण रोमन अक्षरांतच निघाले.

१६१९ साली फादर स्टीफन्स गोव्यात मरण पावले. त्यांची ‘दौत्रिना क्रिस्तां’ ही कोकणी प्रश्नोत्तरी १६२२ साली छापून झाली आणि कोकणीचे व्याकरण १६४० साली. दोन्ही छापील पुस्तके त्यांनी पाहिली नाहीत. आपला अमरावती धर्मप्रांत १९५५ साली स्थापन झाला. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९५६ मध्ये, शांताराम बंडेलू यांनी संपादिलेले ‘ख्रिस्तपुराण’ पुण्यात देवनागरीत छापून निघाले.