फिशटँकमधल्या बुडबुड्यांचा डॉक्टर

घरातल्या फिशटँकमध्ये खऱ्या पाणवनस्पती लावल्या आणि त्या रुजल्या, की एक दृश्य हमखास दिसते. दिवा लागून दोन-तीन तास झाले, की पानांच्या कडांवर बारीक बुडबुडे जमू लागतात आणि एकेक करून वर निघतात. दिवा बंद केला, की थोड्याच वेळात ते थांबतात. हे बुडबुडे ऑक्सिजनचे असतात, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. हायड्रिलाच्या डहाळ्या, त्यांच्यावर पालथे घातलेले नरसाळे आणि त्यावर पाण्याने भरलेली परीक्षानळी हा प्रयोग आपल्याकडे कित्येक पिढ्यांनी शाळेत पाहिला आहे. मात्र हे बुडबुडे उजेडातच का येतात, हा प्रश्न नीट विचारून त्याचा छडा लावणारे गृहस्थ वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हते. ते देवी टोचणारे डॉक्टर होते. त्यांचे नाव यान इंगेनहाउस.

इंगेनहाउस यांचा जन्म ८ डिसेंबर १७३० रोजी हॉलंडमधल्या ब्रेडा या गावी झाला. लूव्हाँ विद्यापीठातून १७५३ मध्ये ते डॉक्टर झाले, पुढे लायडनला आणखी शिकले आणि गावी परतून त्यांनी दवाखाना थाटला. रुग्णसेवेबरोबर भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे प्रयोग करण्याचा त्यांना नाद होता. जॉन प्रिंगल हे ब्रिटिश लष्करातले नामवंत डॉक्टर या कुटुंबाचे जुने स्नेही. १७६४ मध्ये वडील वारल्यावर इंगेनहाउस इंग्लंडला गेले. प्रिंगल यांच्या ओळखीमुळे लंडनच्या वैद्यकीय वर्तुळात त्यांना लवकरच स्थान मिळाले.

त्या काळात युरोपला सर्वात मोठी धास्ती होती ती देवीची. हा रोग झालेल्या दर चार-पाच माणसांतला एक जण दगावत असे. जो वाचे त्याच्या चेहऱ्यावर व्रण राहत, कोणाची दृष्टी जाई. यावर एकच उपाय माहीत होता. सौम्य देवी आलेल्या रुग्णाच्या फोडातला द्रव घेऊन तो निरोगी माणसाच्या त्वचेवर ओरखडा काढून आत सोडायचा. त्याला बहुधा सौम्य आजार होई आणि पुन्हा देवी येत नसे. ही आजची लस नव्हे. यात खऱ्या देवीचाच विषाणू अंगात जात असे. शंभरात एखाद-दुसरा त्यानेही दगावे आणि टोचून घेतलेल्या माणसापासून इतरांना रोग लागण्याचा धोकाही राही. तरीही चार-पाचांत एक आणि शंभरात एक यांतला फरक डॉक्टरांना कळत होता. इंगेनहाउस यांनी टॉमस डिम्सडेल यांच्याबरोबर हर्टफर्डशायर परगण्यात साथ पसरत असताना सुमारे ७०० गावकऱ्यांना देवी टोचली आणि या कामात हात बसवला.

तिकडे व्हिएन्नात सम्राज्ञी मारिया थेरेसा यांच्या घराण्यावर देवीने घाला घातला होता. मुली गेल्या, सुना गेल्या. १७६७ मध्ये तर सम्राज्ञी स्वतः मरणाच्या दारातून परतल्या आणि त्याच वर्षी त्यांची आणखी एक मुलगी देवीनेच गेली. त्यांनी इंग्लंडकडे जाणकार डॉक्टर मागितला. प्रिंगल यांनी इंगेनहाउस यांचे नाव सुचवले. १७६८ मध्ये ते व्हिएन्नाला पोहोचले. आधी गोरगरिबांच्या मुलांना टोचून पाहण्यात आले. राजघराण्यावरची जोखीम आधी गरिबांच्या लेकरांनी उचलली, हे या कथेतले एक कडू सत्य आहे. त्यानंतर राजपुत्रांना देवी टोचली गेली. सगळे सुखरूप राहिले. एक जरी मूल दगावले असते, तर इंगेनहाउस यांच्याबरोबर तो उपायही त्या साम्राज्यात बदनाम झाला असता. सम्राज्ञींनी त्यांना दरबारी वैद्य नेमले आणि तहहयात घसघशीत वेतन बांधून दिले.

या वेतनामुळे पोटापाण्याची चिंता मिटली आणि प्रयोगांना वेळ मिळाला. व्हिएन्नात वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाउस याक्विन यांच्या बहिणीशी, आगाथा मारिया यांच्याशी, १७७५ मध्ये त्यांचा विवाह झाला.

त्यांच्या मनात घर करून बसलेले कोडे मात्र इंग्लंडमधले होते. जोसेफ प्रिस्टली यांनी १७७१ मध्ये एक प्रयोग केला होता. बंद भांड्यात मेणबत्ती जळून विझली, की त्या हवेत उंदीरही जगत नाही. पण त्याच हवेत पुदिन्याची डहाळी काही दिवस ठेवली, तर मेणबत्ती पुन्हा जळते. वनस्पती बिघडलेली हवा सुधारतात, असा त्याचा अर्थ होता. १७७३ मध्ये रॉयल सोसायटीने प्रिस्टली यांना कॉप्ली पदक दिले, तेव्हा अध्यक्षपदावरून प्रिंगल यांनी या शोधाचा गौरव केला. इंगेनहाउस यांना या विषयाची ओढ लागली ती तेव्हापासून.

अडचण अशी, की प्रयोग दर वेळी जमत नसे. स्वीडनच्या कार्ल शील यांना तर उलटेच दिसले. त्यांच्या भांड्यातल्या वनस्पती हवा बिघडवत होत्या. खुद्द प्रिस्टली यांनी प्रयोग पुन्हा केले, तेव्हा कधी हवा सुधारली, कधी बिघडली. दोन्ही माणसे प्रामाणिक, दोघांचीही निरीक्षणे खरी. मग फरक कशाने पडत होता?

१७७९ च्या उन्हाळ्यात इंगेनहाउस यांनी लंडनजवळ खेड्यातले एक घर भाड्याने घेतले आणि जवळपास तीन महिन्यांत ५०० हून अधिक प्रयोग केले. त्यांची युक्ती साधी होती. त्यांनी पाने पाण्याखाली ठेवली. हवेत पानातून काय बाहेर पडते ते डोळ्यांना दिसत नाही. पाण्याखाली ते बुडबुड्याच्या रूपाने दिसते, पालथ्या भांड्यात गोळा करता येते आणि तपासता येते. उन्हात ठेवलेल्या भांड्यांत पानांवर बुडबुडे धरले. गोळा झालेल्या वायूत मेणबत्तीची ज्योत भडकून जळू लागली. म्हणजे हा तोच वायू होता, ज्याला पुढे ऑक्सिजन म्हणू लागले.

मग एकेक शक्यता तपासून पाहणे सुरू झाले. भांडे अंधारात नेले, की बुडबुडे थांबत. हा परिणाम उन्हाच्या उष्णतेचा तर नाही ना, हे पाहण्यासाठी त्यांनी अंधारात विस्तवाच्या उबेला पाने ठेवली. बुडबुडे आले नाहीत. म्हणजे कारण उष्णता नव्हती, प्रकाश होता. मुळे, फुले, फळे यांचीही परीक्षा झाली. हवा सुधारण्याचे काम केवळ हिरव्या भागांचे, असे दिसले. आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे, अंधारात तीच हिरवी पाने आपल्यासारखीच हवा बिघडवतात. प्रिस्टली आणि शील यांच्यातला झगडा मिटला तो इथे. रात्री होणारे नुकसान दिवसाच्या लाभापुढे किरकोळ आहे, हेही त्यांनी नोंदवून ठेवले. त्याच वर्षी ‘एक्सपेरिमेंट्स अपॉन व्हेजिटेबल्स’ हे त्यांचे पुस्तक लंडनला छापून आले.

हे काम वाचताना डॉक्टरी पेशाची छाप जाणवते. एका रुग्णाला औषधाने गुण आला आणि दुसऱ्याला आला नाही, तर चांगला डॉक्टर दोघांतल्या एकाला खोटे ठरवत नाही. दोघांच्या परिस्थितीत काय वेगळे होते, ते तो शोधतो. इंगेनहाउस यांनी पुदिन्याच्या बाबतीत तेच केले.

घरी पाणवनस्पतींचा टँक ठेवणाऱ्यांना या शोधाचा रोज उपयोग आहे. वनस्पती भरपूर आहेत, म्हणजे माशांना ऑक्सिजन कमी पडणारच नाही, असा समज असतो. तो दिवसापुरता खरा आहे. रात्री वनस्पतीही माशांबरोबर ऑक्सिजन घेतात. दाट लावलेल्या टँकमध्ये मासे जास्त झाले, तर पहाटे ते पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात. तिथे माशांची संख्या कमी करावी आणि रात्री हवेचा पंप चालू ठेवावा. दिवा रोज ठरावीक वेळी लागावा आणि ठरावीक वेळी बंद व्हावा. सुरुवातीला सहा ते आठ तास पुरतात. टँक खिडकीतल्या थेट उन्हात ठेवला, तर लावलेल्या वनस्पतींआधी शेवाळ फोफावते.

पुस्तकानंतर श्रेयावरून वाद झालेच. प्रकाशाचे महत्त्व आपल्याही ध्यानात आले होते, असे प्रिस्टली यांचे म्हणणे होते. जिनीव्हाचे धर्मोपदेशक जाँ सेनेबिए यांच्याशीही इंगेनहाउस यांचे खटके उडाले. पण सेनेबिए यांनी एक नवी कडी जोडली. पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असेल, तरच पानांतून ऑक्सिजन निघतो, असे त्यांनी दाखवले. लाव्हाझिए यांचे नवे रसायनशास्त्र आल्यावर इंगेनहाउस यांनी १७९६ मध्ये वनस्पतींच्या अन्नावर निबंध लिहिला आणि झाडाच्या अंगातला कार्बन हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून येतो, अशी मांडणी केली. आज हौशी लोक टँकला कार्बन डायऑक्साइडची टाकी जोडतात, ती याच कारणाने. तिचा वायू दिव्याबरोबरच सुरू आणि बंद व्हायला हवा. रात्री तो वनस्पतींना लागत नाही, मासे मात्र गुदमरतात. कमी उजेडात वाढणाऱ्या व्हॅलिसनेरियासारख्या वनस्पतींना ही टाकी लागतही नाही.

१७८८ मध्ये इंगेनहाउस यांनी व्हिएन्ना सोडले. पुढच्या वर्षी फ्रान्समध्ये क्रांती झाली, युरोप युद्धांत ओढला गेला आणि त्यांचे परतणे झालेच नाही. पत्नी व्हिएन्नातच राहिली. उरलेली वर्षे त्यांनी मुख्यतः इंग्लंडमध्ये काढली.

१७९८ मध्ये एडवर्ड जेन्नर यांचे गोस्तन देवीवरचे पुस्तक आले. गाईच्या सडांवर येणाऱ्या सौम्य देवीचा द्रव टोचला, तर माणसाला खऱ्या देवीपासून संरक्षण मिळते, असा त्यांचा दावा होता. इंगेनहाउस यांनी विल्टशायरमध्ये चौकशी केली. गोस्तन देवी येऊन गेल्यावरही खरी देवी झालेल्या एका शेतकऱ्याची हकिगत त्यांना कळली. त्यांनी जेन्नर यांना पत्र लिहून हरकत घेतली. शंका विचारणे गैर नव्हते. पण इथे त्यांच्या हाती उन्हाळाभराचे ५०० प्रयोग नव्हते, ऐकीव दाखले होते. शिवाय ज्या पद्धतीने राजघराण्यातली मुले वाचवली, तिच्यावर उभे आयुष्य बेतलेले. जेन्नर बरोबर ठरले. ७ सप्टेंबर १७९९ रोजी इंगेनहाउस वारले, तेव्हा हे पुरते सिद्ध व्हायचे होते.

पुढे त्याच व्हिएन्नातले डॉक्टर जाँ द कारो यांनी जेन्नर यांच्या लशीचा द्रव कॉन्स्टँटिनोपलमार्गे बगदादकडे पाठवला. तिथून तो दंडादंडांवरून पुढे सरकत मुंबईला पोहोचला आणि १४ जून १८०२ रोजी एका तीन वर्षांच्या मुलीला भारतातली पहिली लस टोचली गेली.

इंगेनहाउस यांनी अखेरचा श्वास घेतला तो विल्टशायरमधल्या बोवुड या वाड्यात. याच वाड्यात १७७४ मध्ये प्रिस्टली यांनी ऑक्सिजन वेगळा केला होता.

काचेच्या भांड्यातल्या पाणवनस्पती लोकांच्या दिवाणखान्यात यायला आणखी पन्नास वर्षे गेली. लंडनचे रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये बारा गॅलनच्या, म्हणजे साधारण ५५ लिटरच्या भांड्यात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिसनेरिया ठेवून हा समतोल तपासला. ऑक्सिजनचे गणित बसले, पण सडकी पाने आणि शेवाळ यांनी पाणी गढुळले. मग त्यांनी तळ्यातल्या गोगलगाई सोडल्या. त्यांनी घाण फस्त केली आणि पाणी निवळले. वनस्पती, मासे आणि सफाई करणारे जीव अशी तीन पायांची ही तिवई आहे.

त्या तिसऱ्या पायात डोळ्यांना न दिसणारे जिवाणूही येतात, हे पुढे कळले. माशांच्या विष्ठेतून येणाऱ्या अमोनियाचे ते आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात आणि ते नायट्रेट वनस्पती खातात. हे जिवाणू वाढायला काही आठवडे लागतात. म्हणून नवा टँक भरून त्याच दिवशी डझनभर मासे सोडू नयेत. आधी वनस्पती रुजू द्याव्यात, मग दोन-चार मासे सोडावेत. दर आठवड्याला सुमारे पाव पाणी बदलावे, नळाच्या पाण्यातले क्लोरीन काढूनच ते घालावे आणि फिल्टरचा स्पंज टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळावा. हाताला जखम असेल, तर टँकमध्ये हात घालू नये. माशांच्या पाण्यातल्या एका जिवाणूमुळे त्वचेवर महिनोन्‌महिने न भरणाऱ्या गाठी येतात. अशी गाठ आली, तर घरी फिशटँक आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. हीटर किंवा पंपाचे बटण बंद केल्याशिवाय पाण्यात हात घालू नये. आणि कंटाळा आला म्हणून मासे किंवा वनस्पती तलावात, नदीत सोडू नयेत. आपल्याकडची साधी हायड्रिला फिशटँकच्या व्यापारातून अमेरिकेतल्या फ्लोरिडात गेली आणि तिने तिथले जलमार्ग तुंबवले.

बाकी लक्ष ठेवायचे ते पानांवर. दिवा लागल्यावर बुडबुडे धरत असतील, तर टँकमधल्या वनस्पती कामाला लागल्या आहेत. धरत नसतील, तर खतांच्या बाटल्या आणण्याआधी इंगेनहाउस यांच्यासारखे एका वेळी एकच कारण तपासावे. आधी प्रकाश, मग कार्बन डायऑक्साइड, मग खत. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर गुण कशाने आला हे कधीच कळत नाही.