उत्तर आधीच माहीत असेल, तर तो प्रयोग कसला? हा प्रश्न विचारत केमिस्ट्रीचे एक प्राध्यापक आयुष्यभर भांडले

केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल म्हटलं की बहुतेकांना दोन गोष्टी आठवतात. एक म्हणजे रंग बदलणारी परीक्षानळी आणि दुसरी म्हणजे मागच्या बॅचच्या पोरांचं जर्नल. निष्कर्ष आधीच ठाऊक असतो. निरीक्षणं त्याला जुळतील अशी लिहायची आणि सही घेऊन मोकळं व्हायचं.

या प्रकाराविरुद्ध इंग्लंडमध्ये एका माणसानं कित्येक वर्षं लढा दिला. हेन्री एडवर्ड आर्मस्ट्राँग त्यांचं नाव.

आर्मस्ट्राँग यांचा जन्म १८४८ चा, लंडनजवळच्या लुईशमचा. तरुणपणीच त्यांनी एडवर्ड फ्रँकलंड यांच्या हाताखाली पिण्याच्या पाण्यातली घाण मोजण्याची पद्धत शोधायचं काम केलं. पुढं जर्मनीत लाइपझिगला कोल्बे यांच्याकडं डॉक्टरेट केली. १८७६ साली ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले आणि १८८४ पासून लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमध्ये शिकवू लागले.

एवढा मोठा शास्त्रज्ञ शाळेच्या भानगडीत का पडला?

कारण तेव्हा शाळांमध्ये केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल म्हणजे मुख्यतः सॉल्ट ॲनालिसिस. हातात तक्ता धरायचा, एकेक रसायन टाकत जायचं, तक्त्यात दिसेल ते उत्तर लिहायचं. यात हात चालतात, पण डोकं चालत नाही, असं आर्मस्ट्राँग यांचं म्हणणं होतं.

१८८९ आणि १८९० मध्ये ब्रिटिश असोसिएशनच्या समितीच्या अहवालांतून त्यांनी शाळांसाठी वेगळा मार्ग मांडला. त्यातलं गाजलेलं उदाहरण म्हणजे लोखंडाचा गंज. मुलांना ऑक्सिजनचं नावही सांगायचं नाही. लोखंडाचा कीस तोलायला लावायचा, गंजू द्यायचा, परत तोलायला लावायचा. वजन वाढलेलं दिसतं. मग हे वजन आलं कुठून? पाण्यावर पालथ्या घातलेल्या भांड्यात लोखंड गंजू दिलं की पाणी वर चढतं आणि आतली साधारण एक पंचमांश हवा नाहीशी झाल्याचं कळतं. ऑक्सिजन हे नाव येतं ते सगळ्यात शेवटी.

या पद्धतीला ह्युरिस्टिक पद्धत म्हणतात. ग्रीक भाषेतल्या शोधणे या अर्थाच्या शब्दावरून हे नाव आलं. आर्किमिडीजचं युरेका त्याच शब्दाचं भावंड.

१९०२ मध्ये लंडनमधली ख्राइस्ट्स हॉस्पिटल ही जुनी शाळा हॉर्शमला हलली. तिथं ही पद्धत प्रत्यक्षात आणण्यात आर्मस्ट्राँग यांचा मोठा वाटा होता.

पण अडचणीही खऱ्या होत्या. शंभर-दोनशे वर्षांत शास्त्रज्ञांनी शोधलेलं सगळं पोरांनी आठवड्याच्या दोन-चार तासांत नव्यानं कसं शोधायचं? त्यासाठी तयार झालेले शिक्षक आणायचे कुठून? काही ठिकाणी शोधाचंही नाटक सुरू झालं. १९१८ मध्ये जे. जे. थॉमसन यांच्या समितीनं ठपका ठेवला, की बऱ्याच शाळांत प्रयोगशाळेत जाणाऱ्या वेळाच्या मानानं हाती फारसं काही लागत नाही. शिक्षकानं स्वतः करून दाखवायचे प्रयोगही मागं पडलेत.

गंमत म्हणजे, पुराव्याशिवाय काही मानू नका असं शिकवणाऱ्या आर्मस्ट्राँग यांनी स्वतः आरेनियस यांचा आयनांचा सिद्धांत शेवटपर्यंत मान्य केला नाही. रसायनशास्त्र पुढं निघून गेलं, ते मात्र अडून बसले. स्वतः तपासून बघण्याची सवय कुणालाही चुकण्यापासून वाचवतेच असं नाही, हेही त्यांच्याच आयुष्यातून दिसतं.

१९३७ साली ते वारले. पुढं १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये नफील्ड फाउंडेशनच्या मदतीनं विज्ञानाचे नवे अभ्यासक्रम आले आणि स्वतः शोधून शिकण्याचा विचार पुन्हा वर्गात परतला.

पोरांनी सगळी केमिस्ट्री स्वतः शोधावी, हा हट्ट टिकला नाही. पण वर्षात एखादा तरी प्रयोग असा हवा, ज्याचं उत्तर पोरांना आधी माहीत नसेल. एवढं करायला महागडी प्रयोगशाळा लागत नाही. मूठभर लोखंडाचा कीस, एक तराजू आणि थांबायची तयारी असली तरी पुरतं.