विद्येचे भांडवल

वरळीच्या बीडीडी चाळीतील ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. इलाख्याच्या सरकारने १९२० नंतरच्या दशकात कामगारांसाठी ज्या चाळी उभारल्या, त्यांपैकी १२१ एकट्या वरळीस होत्या. तेथील १६० चौरस फुटांच्या खोलीत तीन तीन पिढ्यांनी संसार केला. आता त्याच भूमीवर ५०० चौरस फुटांचे घर मिळत आहे. ही आनंदाची गोष्ट होय. परंतु घर मोठे झाल्याने मिळकत मोठी होत नाही, खर्च मात्र वाढतो. मिळालेले घर टिकविण्याची ऐपत ही त्या घरातील मुलामुलींच्या शिक्षणातूनच यावयाची आहे. म्हणून ज्या थोर पुरुषाची तसबीर या चाळींतील असंख्य खोल्यांत भक्तिभावाने लावलेली आहे, त्याच्या चरित्राकडे आज अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना लोक घटनेचे शिल्पकार म्हणून वंदन करतात, व ते योग्यच आहे. परंतु मूळचे ते अर्थशास्त्रज्ञ. लष्करातील सुभेदाराच्या घरी १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे त्यांचा जन्म झाला. पुढे परळच्या चाळीतील अपुऱ्या जागेत अभ्यास करून ते १९०७ साली मॅट्रिक झाले. बडोद्याचे सयाजीराव महाराज यांनी दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती दिली नसती, तर १९१२ ची बी.ए. पदवी त्यांच्या हाती येणे कठीण होते. त्याच महाराजांच्या साहाय्याने ते १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. एका विद्यार्थ्यावर खर्चिलेल्या त्या रकमेचे व्याज आज सारा देश उपभोगीत आहे. याहून किफायतशीर व्यापार कोणत्या पेढीने केला असेल?

तरीही विद्या मिळाली म्हणजे मार्ग मोकळा होतो, असे नाही. परदेशातून परतून १९१७ साली ते बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा राहावयास जागा मिळेना. ज्या पारशी उतारगृहात ते राहिले, तेथून त्यांना जात उघड झाल्यावर हाकलण्यात आले. संस्थानाने ज्या बुद्धीवर द्रव्य वेचले, ती बुद्धी समाजाने दाराबाहेर उभी केली. भांडवल जमविणे एक आणि ते वापरात येऊ देणे दुसरे. जातिभेदाने होणारी ही नासाडी कोणत्याही खतावणीत नोंदली जात नाही, म्हणून ती दिसत नाही, इतकेच.

पुढील वर्षीच त्यांनी हिंदुस्थानातील लहान लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. नुसते तुकडे जोडून शेती सुधारणार नाही. जमिनीवर पडलेला अधिक माणसांचा भार उद्योगधंद्यांकडे वळविला पाहिजे, असा त्याचा मथितार्थ होता. कायदे कौन्सिलात १९२७ साली बोलताना त्यांनी असे दाखविले की, शिक्षणावर दरडोई चौदा आणे खर्चणारे सरकार अबकारीतून दरडोई दोन रुपयांहून अधिक वसूल करते, आणि शाळेत शिरणाऱ्या शंभर मुलांतून अवघी अठरा चौथीपर्यंत पोहोचतात. ज्याने स्वतः ही वाट तुडविली, त्यालाच हा आकडा इतका बोचावा, यात नवल नाही.

केवळ टीका करून ते थांबले नाहीत. बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे सोलापुरास वसतिगृह निघाले. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली व १९४६ च्या जूनमध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. त्याचे वर्ग सकाळी भरत, कारण दिवसा कचेरीत वा कारखान्यात राबणाऱ्यासही पदवीधर होता यावे. वेळ बदलली की विद्यार्थी बदलतो, हे व्यवहारज्ञान पुष्कळ जुन्या विद्यालयांस सुचले नव्हते.

याहून दूरदृष्टीचे कार्य मराठवाड्यात झाले. निजामी राजवटीतून सप्टेंबर १९४८ मध्ये सुटलेल्या त्या प्रांतात उच्च शिक्षणाची सोय अत्यंत तुटपुंजी होती. मुंबईत दुसरे कॉलेज काढणे सोपे असता बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, निवडले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपास आले. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले. दोन वर्षांनी त्याच शहरी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. त्यास त्यांचे नाव देण्याचा ठराव १९७८ साली होताच दंगली उसळल्या, कित्येक गरिबांची घरे जळाली, प्राण गेले. नाव लागले ते १९९४ मध्ये. त्या शहरी पुढे आलेले कारखाने एका कॉलेजामुळे आले, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु खेड्यातला मुलगा आपल्याच प्रांतात शिकून शिक्षक, वकील वा अधिकारी होऊ लागला, ही प्रांताच्या उत्कर्षाची पहिली पायरी होय.

आमच्या व्यापारी वाचकांपैकी कोणी म्हणेल, याचा आमच्या दुकानाशी काय संबंध? संबंध निकटचा आहे. गिरण्या बंद पडल्या तेव्हा ज्या घरात केवळ हातांची कमाई होती ते घर बसले. ज्या घरात एक तरी मुलगी वा मुलगा शिकला होता ते सावरले. घर सावरले तरच बाजार सावरतो.

म्हणून आमची सूचना अशी : नव्या इमारतींत मोटारींसाठी जशी जागा राखावयाची, तशीच रात्री उशिरापर्यंत उघडी राहील अशी अभ्यासिकाही राखावी. व्यापाऱ्यांनी आपापल्या पेढीवर शिकणाऱ्या मुलामुलींस कामाची सवड द्यावी व परीक्षेच्या दिवसांत पगारी रजा द्यावी. पंचवीस रुपयांच्या त्या शिष्यवृत्तीने काय घडले, हे ध्यानात असू द्यावे. जयंतीस पुष्पहार अवश्य घालावा. परंतु त्या हाराबरोबर एका विद्यार्थ्याची वर्षाची फी भरली, तर ते अभिवादन बाबासाहेबांस अधिक रुचले असते, याविषयी आम्हांस संशय नाही.