ओटो बायर : बुडबुड्यांतून घडलेला शोध

आपली गादी, बसचे आसन, बुटाचा मऊ तळ, यांत बहुधा पॉलियुरेथेन असते. त्याचे जनक ओटो बायर हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ. जन्म ४ नोव्हेंबर १९०२, फ्रँकफर्ट. बायर कंपनीच्या संस्थापकांशी त्यांचे नाते नव्हते. आडनाव तेवढे एक.

फ्रँकफर्टलाच डॉक्टरेट मिळवून तिशीच्या सुमारास ते लेव्हरकुसेन येथे इगे फार्बेन या उद्योगसमूहाच्या संशोधनशाळेचे प्रमुख झाले. दोन रसायने जोडून लांब साखळीचे नवे प्लास्टिक बनवायची त्यांची कल्पना अनेकांना पटली नव्हती. तरी १९३७ मध्ये सहकाऱ्यांसह त्यांनी पेटंट घेतले.

पण साच्यातून निघणारे तुकडे बुडबुड्यांनी भरलेले असत. छिद्रांच्या नकली चीजपलीकडे याचा उपयोग नाही, अशी चेष्टाही झाली. बायर यांनी माल फेकला नाही, कारण शोधले. मिश्रणात कार्बन डायऑक्साइड वायू सुटत होता. मग मुद्दाम थोडे पाणी घालून तो वायू हवा तेवढा निर्माण केला आणि १९४१ च्या सुमारास हलका फोम तयार झाला. दोष हाच गुण ठरला.

याच युद्धकाळात इगे फार्बेनने छळछावणीतील कैद्यांना राबवले. त्या समूहातील कोणाचेही चरित्र वाचताना हे विसरता येत नाही.

१९५० च्या दशकात फोम घरोघरी पोहोचू लागला. १ ऑगस्ट १९८२ रोजी बायर यांचे निधन झाले. मागे राहिला एक प्रश्न : फाटलेल्या गाद्यांचे काय?

फोममधील साखळ्या आडव्या गाठींनी बांधलेल्या असतात. त्यामुळे पॉलिथिनप्रमाणे तो वितळवून पुन्हा साच्यात ओतता येत नाही. यावर तीन वाटा आहेत. कातरणांचे तुकडे चिकटवून दाबले की रिबॉन्डेड गादी होते. ग्लायकॉलसोबत तापवले की गाठी सुटून कच्चा माल काही अंशी परत मिळतो. तिसरी वाट म्हणजे फोमची बारीक पूड करून ती वितळणाऱ्या प्लास्टिकमध्ये मिसळणे. पूड जास्त झाली किंवा दोन्ही पदार्थांची पकड बसली नाही, तर वस्तू ठिसूळ होते. म्हणून प्रमाण सांभाळतात आणि दोघांना जोडणारे द्रव्य घालतात.

या फोमची न वितळण्याची खोड आज दोष वाटते. बायर यांनी बुडबुड्यांकडे पाहिले तसे तिच्याकडे पाहणारे डोळे हवेत. ते आपल्यापैकी कोणाचे असतील?