मठाचा कोठावळा

आमच्याकडे ख्रिस्ती लग्नात टोस्टच्या वेळी बाटलीचं बूच उडतं, फेस वर येतो आणि सगळे टाळ्या वाजवतात. जगातली सर्वांत प्रसिद्ध शॅम्पेन ज्या संन्याशाच्या नावाने विकली जाते, त्यांनी हे पाहून कपाळाला हात लावला असता. बूच उडणं म्हणजे त्यांच्या हिशेबी निव्वळ नुकसान!

पिएर पेरिन्यों हे त्यांचं नाव. गोव्यात जन्मले असते तर घरी पेद्रू म्हटलं असतं. जन्म 1638 च्या अखेरचा, ईशान्य फ्रान्सच्या शांपान्य प्रांतात. सात भावंडांत धाकटे. वडील कारकून होते आणि घराण्याचे द्राक्षमळे होते. पिएर वर्षाचा व्हायच्या आतच आई वारली. शाळा जेजुइटांकडे झाली, पण विशी गाठण्याआधीच त्यांनी बेनेडिक्टाईन मठाची वाट धरली. नावाआधीचं ‘दों’ तिथून आलं. पोर्तुगीज राजांच्या नावाआधी आपण इतिहासात वाचतो तेच हे ‘दों’, लॅटिनमधल्या ‘स्वामी’ या अर्थाच्या शब्दावरून आलेलं.

1668 साली त्यांना ओव्हिलेरच्या मठात कोठावळा नेमलं. धान्य, तेल, द्राक्षारस, जमीन, जमाखर्च, सगळ्याच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला. ऐकायला हे काम रुक्ष वाटतं. पण संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलीत कोठावळ्यासाठी एक स्वतंत्र प्रकरण आहे, आणि मठातलं साधं भांडंही वेदीवरच्या पात्राइतकं पवित्र समजावं, अशी त्यात अपेक्षा आहे. पेरिन्यों यांचं सगळं आयुष्य मला या एका अपेक्षेतून कळतं. पिंपातला रस नासला तर तो त्यांच्यासाठी केवळ तोटा नव्हता.

आणि रस नासायचा. शांपान्यमध्ये थंडी लवकर पडते. शरद ऋतूत आंबायला लागलेला रस थंडीने मध्येच थांबतो, यीस्ट निजतं. वसंतात ऊब आली की ते पुन्हा जागं होतं. तोवर रस बाटलीत बंद केलेला असेल तर आतला वायू बाहेर जाऊ शकत नाही आणि बुडबुडे तयार होतात. त्या काळच्या फ्रेंच बाटल्या नाजूक. एक फुटली की शेजारच्याही फुटायच्या. आज ज्याचे हजारो रुपये मोजतात तो फेस तेव्हा दोष होता, आणि पेरिन्यों तो घालवायच्या मागे होते.

त्यांचं खरं कर्तृत्व वेगळंच आहे. आसपासच्या गावांतून मठाला दशमांश यायचा, तोही द्राक्षांच्या रूपात. (तो देणाऱ्या शेतकऱ्याला काय वाटत असेल हा प्रश्न मनात येतोच.) वेगवेगळ्या मळ्यांची द्राक्षं अशी एका दारात यायची. कुठल्या मळ्याची कुठल्याशी जुळतील हे ते चव घेऊन ठरवत आणि रस काढण्याआधीच मेळ घालत. मळ्याचं नाव न विचारता चव घेण्याच्या या सवयीतूनच पुढे ते आंधळे होते अशी दंतकथा निघाली असावी. काळ्या द्राक्षांचा स्वच्छ पांढरा रस काढण्यातही त्यांचा हात होता. द्राक्षं पहाटेच्या गारव्यात तोडायची, फुटलेली बाजूला काढायची, आणि सालीचा रंग उतरण्याआधी हलक्या हाताने, झटपट दाबायची.

हे वाचताना मला केरीचा काजूचा हंगाम आठवला. पिकून आपणहून गळलेलीच बोंडं वेचायची, आणि वेचली की फार वेळ ठेवायची नाहीत. भट्टीवर हुर्राक कधी उतरवायचा हे ज्याचं नाक ठरवतं, त्याचं नाव कुठल्याही लेबलवर नसतं.

पेरिन्यों यांचं नाव मात्र लेबलवर आलं, तेही भलत्याच कामासाठी. बुडबुडेवाली वाईन त्यांनी शोधली नाही. साखर घालून वाईन फेसाळ करण्याची रीत ख्रिस्तोफर मेरेट यांनी 1662 मध्येच लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे सांगितली होती, म्हणजे पेरिन्यों ओव्हिलेरला पोचण्याच्या सहा वर्षं आधी. फ्रेंच क्रांतीत मठ बंद पडला. त्याच मठात राहिलेल्या दों ग्रोसार यांनी 1821 च्या एका पत्रात शोधाचं सगळं श्रेय पेरिन्यों यांना देऊन टाकलं. तारे पीत असल्याचं जे वाक्य त्यांच्या तोंडी घालतात, ते तर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी एका जाहिरातीत आलं. साहित्याचे विद्यार्थी म्हणून आपण हे लक्षात ठेवायला हवं. सुंदर वाक्याला कुणी पुरावा विचारत नाही.

मठाची जागा मोएत घराण्याचे जावई शांदों यांनी विकत घेतली. पुढे मोएत-शांदों कंपनीने आपल्या सर्वांत उंची शॅम्पेनला दों पेरिन्यों हे नाव दिलं. तिचं पहिलं साल 1921. ही कायम एकाच सालच्या द्राक्षांची असते आणि वाईट साली काढतच नाहीत. ही शिस्त कोठावळ्याला नक्की आवडली असती. एपेर्ने शहरात कंपनीने त्यांचा पुतळा उभारला आहे, हातात बाटली, बाटलीतून फेस. जावईबापूंचं आडनाव तर आपल्या शेजारीही पोचलंय. 2013 मध्ये नाशिकजवळच्या द्राक्षांची ‘शांदों’ बाजारात आली, आणि तिच्यासाठी दिंडोरीला वायनरी उभारली गेली.

पेरिन्यों 1715 च्या सप्टेंबरमध्ये वारले. त्याच महिन्यात आणि त्यांच्याच वयाचा चौदावा लुईही गेला. ओव्हिलेरच्या चर्चमध्ये त्यांची शिळा आहे. तिच्यावरच्या लॅटिन मजकुरानुसार ते 47 वर्षं या मठाचे कोठावळे होते, त्यांनी कारभार चोख केला आणि गरिबांवर बापासारखी माया केली. फेसाळत्या वाईनचा तिथे उल्लेखही नाही.