सत्यशोधक शिक्षिका आयडाबाई वेल्स

परचक्राचें भय मोठें खरें. पण त्या वेळीं निदान शेजारीपाजारी तरी एक होतात. रोजच्या ओळखीचा शेजारीच रात्रीं तोंड झांकून दाराशीं येऊं लागला, तर मनुष्यानें दाद कोणाकडे मागावी? अमेरिकेच्या दक्षिण भागांतील कृष्णवर्णीय लोकांनीं असें भय कित्येक पिढ्या सोसलें. त्या भयाशीं लेखणीनें झुंजलेल्या एका शिक्षिकेचें चरित्र आम्ही आमच्या वाचकांस थोडक्यांत सादर करीत आहों.

आयडाबाईंचा जन्म १६ जुलै १८६२ रोजीं मिसिसिपी संस्थानांतील हॉली स्प्रिंग्ज गांवीं झाला. आईबाप गुलाम होते. १८६५ सालीं गुलामगिरी कायद्यानें बंद झाली आणि मेथडिस्ट मिशनऱ्यांनीं त्या गांवीं काढलेल्या शाळेंत त्यांचें शिक्षण सुरू झालें. स्वतःस वाचतां यावें म्हणून आईही मुलांबरोबर शाळेंत जाई. १८७८ सालच्या पीतज्वराच्या साथींत आई, वडील व तान्हा भाऊ दगावले. वडिलांच्या स्नेह्यांनीं मुलांस निरनिराळ्या घरीं ठेवण्याचें ठरविलें; परंतु सोळा वर्षांच्या आयडेनें तें मानलें नाहीं. शिक्षिकेची नोकरी धरून तिनें भावंडांस एकत्र ठेवलें.

पुढें त्या मेम्फिस शहरीं शिक्षिका झाल्या आणि वृत्तपत्रांत लिहूं लागल्या. कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांची दुर्दशा छापून प्रसिद्ध केल्याबद्दल १८९१ सालीं त्यांची नोकरी गेली. तेव्हां 'फ्री स्पीच' ह्या पत्राचें काम त्यांनीं पूर्णपणें अंगावर घेतलें.

१८९२ च्या मार्च महिन्यांत घोर प्रसंग ओढवला. टॉमस मॉस ह्या टपालवाल्यानें सोबत्यांसह किराणा मालाचें दुकान काढलें होतें. तें चांगलें चालूं लागल्यामुळें जवळच्या गोऱ्या दुकानदारास वैषम्य वाटलें. तंटा वाढला, गोळीबार झाला, आणि मॉस, मॅकडॉवेल व स्ट्यूअर्ट हे तिघे तुरुंगांत पडले. ९ मार्चच्या पहाटे तोंडें झांकलेल्या टोळीनें त्यांस तुरुंगांतून ओढून नेऊन गोळ्या घातल्या. खटला नाहीं, पुरावा नाहीं, शिक्षाही कोणास नाहीं. मॉस हे आयडाबाईंचे निकटचे स्नेही होते. त्यांच्या घरीं एक लहान मुलगी होती आणि दुसरें मूल जन्मास यावयाचें होतें. शहरांतील शेंकडों कुटुंबांनीं घरदार सोडून ओक्लाहोमाची वाट धरली.

अशा वधास तिकडे लिंचिंग म्हणत. मारलेला मनुष्य स्त्रीच्या अब्रूवर उठला होता, असें त्याचें समर्थन होई, आणि भले लोकही तें खरें मानीत. मॉस यांच्यावर तर तसा आरोपही नव्हता. तेव्हां बाईंच्या मनांत शंका आली आणि त्यांनीं एकेका प्रकरणाची चौकशी आरंभिली. खोटेपणाचा आळ येऊं नये म्हणून त्यांनीं गोऱ्या लोकांच्याच वृत्तपत्रांतील आंकडे घेतले. मारल्या गेलेल्यांपैकीं सुमारें एक तृतीयांशांवरच तसा आरोप होता. सिद्ध होण्याची गोष्ट तर दूरच. अब्रू हें निमित्त. एका समाजास कायमचें भयभीत ठेवणें हाच खरा हेतु, हें त्यांनीं उघड केलें.

मे महिन्यांत त्या परगांवीं असतांना जमावानें त्यांचा छापखाना उद्ध्वस्त केला आणि परत आल्यास जीव घेण्याची धमकी दिली. बाई मेम्फिसला मुकल्या, पण गप्प बसल्या नाहींत. १८९३ व १८९४ सालीं इंग्लंडांत व्याख्यानें दिलीं. १८९५ सालीं 'अ रेड रेकॉर्ड' हें पुस्तक लिहिलें. त्याच वर्षीं शिकागोचे वकील बार्नेट यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. २५ मार्च १९३१ रोजीं त्यांचें देहावसान झालें.

१८८२ ते १९६८ पर्यंत ४,७४३ माणसें अशा रीतीनें मारलीं गेल्याची नोंद टस्कीगी येथील विद्यालयानें केली आहे. त्यांत ३,४४६ कृष्णवर्णीय होते. ह्या अपराधाविरुद्धचें पहिलें विधेयक अमेरिकेच्या काँग्रेसपुढें १९०० सालीं आलें. कायदा व्हावयास २०२२ साल उजाडलें. २०२० सालीं बाईंस मरणोत्तर पुलित्झर सन्मान मिळाला.

मुलांनो, जमाव रस्त्यावर येण्यापूर्वीं अफवा घरोघर फिरून आलेली असते. ऐकलेली गोष्ट पारखून घेण्याची संवय आज तुम्ही लावून घेतली, तर एखाद्या निरपराध्याचा जीव उद्यां तुमच्यामुळें वांचेल.